दारापलीकडची दोघं

सोमवार, ३ जुलै

समुपदेशक बाईंनी अटींचा कागद दिलाय, तो तुझ्याकडेही असेलच. आपण एकमेकांशी फोनवर बोलायचं नाही. आठवड्याला एक पत्र, पोस्टानं, आणि तेही फक्त भिंगरीबद्दल. वाक्याची सुरुवात ‘तू नेहमी’ किंवा ‘तू कधीच’ अशी करायची नाही. लिहून झालं की पत्र एक दिवस तसंच ठेवायचं, मगच पाकिटात घालायचं.

पहिलं पत्र मी एक दिवस ठेवलं आणि फाडून टाकलं. हे दुसरं. म्हणजे बाईंची युक्ती चालते म्हणायची.

तर भिंगरीबद्दल. पुढचा दात अर्धा आलाय. पोहायला जाते. तू घेतलेल्या सँडल तिला चावतात, पण काढायला तयार नाही, मी चिकटपट्टी लावून पाठवते. शनिवारी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे दवाखान्यात येते, तिथूनच एक वाजता घेऊन जात जा. सोमवारी सकाळी शाळेत सोड. रविवारी तिला फोन मी करणार, बुधवारी तू करायचास. एवढं ठरलंय.

एक बारीकशी गोष्ट. तिच्या वर्गशिक्षिकेनं वहीत लिहून पाठवलंय, ‘हाक मारली तर लक्ष नसते. कान तपासून घ्यावेत.’ मला हसूच आलं. अकरा वर्षं मी गावभरच्या लोकांचे कान तपासते आणि माझ्याच मुलीला बाईंची हाक ऐकू येत नाही! तुझ्याकडे असताना तिला सर्दी झाली होती का? विचारतेय, आरोप करत नाहीये.

शेवटी एक चांगलं लिहा, असंही समुपदेशक बाईंनी सांगितलंय. चांगलं हे, की आपण तिच्यासमोर एकदाही भांडलो नाही. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली नाही, नुसतं लिहून घेतलं. पण मला त्याचा अभिमान आहे. तुलाही असेल.


मंगळवार, ११ जुलै

तुझं पत्र आलं. तीन ओळी! लिफ्ट दुरुस्त करून झाली की तक्रारवहीत तू याहून जास्त लिहीत असशील.

सर्दी नव्हती म्हणतोस, ठीक. मग रविवारचं काय ते बघू.

मी फोन केला, तू तो तिच्या हातात दिलास. मी म्हटलं, ‘भिंगरी, जेवलीस का गं?’ पलीकडून तिचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. ती तुला सांगत होती, ‘बाबा, यात कोणीच नाहीये.’ मी बोलतच होते. चार वेळा तिचं नाव घेतलं. ती म्हणाली, ‘कोणीतरी नुसता श्वास घेतंय,’ आणि फोन बंद केला.

दुसऱ्या मिनिटाला मी तुला फोन करून जे बोलले ते अटीत बसत नाही, कबूल. पण तू माझा आवाज बंद केला असशील असंच वाटलं मला. तू तिचे कान भरतोस, असं मी म्हटलं तेव्हा तू हसलास. ‘कान हे तुझं खातं,’ म्हणालास. विनोद वाईट नव्हता. म्हणूनच जास्त चिडले.

आता जे सांगणार नव्हते ते सांगते. त्याआधीच्या बुधवारी तू इकडे फोन केलास आणि मी ‘झोपली’ म्हणाले. झोपली नव्हती. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, कोण झोपतं? स्पीकर चालू करून मी फोन तिच्यासमोर धरला होता. तू ‘काय करतंय माझं पिल्लू’ म्हणालास, मला स्वच्छ ऐकू आलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग विचारलं, ‘बाबा बोलत का नाही?’

मला क्षणभर बरं वाटलं. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. वाटलं, चला, शेवटी हिलाही तुझं बोलणं ऐकू येईनासं झालं. आणि मग अंगावर काटा आला, कारण ती चिडली नव्हती, रुसली नव्हती. थांबली होती. तू बोलशील म्हणून थांबून राहिली होती.

म्हणजे तुझ्या घरात माझा आवाज नाही आणि माझ्या घरात तुझा नाही. तू काही केलेलं नाहीस. मीही नाही. मग कोणी केलं?


गुरुवार, २० जुलै

हे पत्र एक दिवस ठेवणार नाही, आत्ताच टाकतेय.

आज तिला शाळेतून आणून, दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत मी तिचे कान तपासले. आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नसते. डॉक्टरांना विचारलं नाही.

तू ती खोली आतून पाहिलेली नाहीस. खोलीच्या आत खोली आहे, मोठ्या कपाटाएवढी. एकामागे एक दोन जाड दारं, कडेला फ्रीजसारखं रबर. भिंतींवर राखाडी स्पंज. दारं लागली की बाहेरचं काहीही आत येत नाही. लोक म्हणतात, स्वतःच्या अंगातलं रक्त ऐकू येतं. आत एक खुर्ची, हेडफोन आणि हातात धरायचं बटन. मी बाहेर, काचेच्या या बाजूला, मशीनपाशी. मी बारीक ‘पीं’ असा आवाज सोडायचा, तो ऐकू आला की आतल्यानं बटन दाबायचं, की माझ्यासमोर दिवा लागतो. चार वर्षांची पोरंसुद्धा करतात.

पहिला आवाज सोडला. दिवा नाही. वाढवला. आणखी वाढवला. जिथं ठार बहिरे आजोबासुद्धा दचकतात, तिथपर्यंत नेला. काचेपलीकडे भिंगरी पाय हलवत बसली होती. पापणी लवली नाही.

मी मशीनवरून हात काढून मांडीवर ठेवले. मी काहीही सोडत नव्हते. आणि दिवा लागला.

वाटलं, चुकून दाबलं गेलं असेल. तो बराच वेळ लागलेला राहिला, विझला. मग पटकन एकदा. पुन्हा पटकन एकदा. मग परत लांब. तिचे पाय हलायचे थांबले होते. मान जराशी कलती केली होती, शेजारच्या घरातलं ऐकताना आपण करतो तशी. मी हेडफोनची वायर मशीनमधून उपटून काढली. दिवा लागतच राहिला.

समोरच्या कोऱ्या कागदावर मी नोंदत गेले. लांब लागला की रेघ, पटकन लागला की ठिपका. सात मिनिटं.

मग दोन्ही दारं उघडून आत गेले. तिनं ओठांवर बोट ठेवलं. माझं बोलणं तिला ऐकू येतं, माझ्या हद्दीत होती ना.

‘काय ऐकत होतीस, सोन्या?’

‘ती दोघं बोलतायत.’

‘कोण दोघं?’

खांदे उडवले. ‘दाराच्या पलीकडची.’

‘काय बोलतायत?’

‘शब्द नाही कळत. हळू बोलतात ना.’ मग माझ्याकडे जरा नाराजीनंच बघून म्हणाली, ‘आता गप्प झाली. कोणी आलं की गप्प होतात. तू दार उघडलंस.’

मी तिच्या डोक्यावरचे हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. काही नव्हतं. काही असणं शक्यच नव्हतं, वायरचं टोक तर मी काढून ठेवलं होतं.

नंतर दुसऱ्या मशीनवर घेतलं. त्यात माणसानं काही करायचं नसतं, कानात बारीक नळी घालतात आणि मशीन थेट कानालाच विचारतं. दोन्ही कान उत्तम. माझ्यापेक्षा चांगले.

तुझ्याकडे कोणी येतं का रे? दार लावून तू कोणाशी हळू बोलतोस का? मला हक्क नाही विचारायचा. पण विचारते.


मंगळवार, २५ जुलै

या वेळी चार पानं. वाचली. तुझं म्हणणं, मी मुलीवर प्रयोग करते, तिच्या डोक्यात भुतंखेतं घालते, तू वकिलाशी बोलणार आहेस. आणि तुझ्याकडे कोणी येत नाही, दार लावून आत ठेवण्यासारखं तुझ्याकडे काही उरलेलंच नाही. हे शेवटचं वाक्य तू खोडायचा प्रयत्न केलायस, पण वाचता येतं.

मी लगेच उत्तर लिहिलं होतं. तुझ्या चार पानांना माझी सहा. एक दिवस ठेवलं. पण तुझ्या पत्राच्या शेवटी तू उगाचच कामाचं एक वाक्य लिहिलंयस, की लिफ्टच्या खोलीतून आवाज यायला लागला की सोसायटीवाले दाराच्या फटीत फडकी कोंबतात, आवाज बंद होतो आणि बिघाड आतच राहतो. तिथं मी अडखळले, आणि सहा पानं फाडली.

आपल्या खोलीच्या दाराखालीही फट होती. तिथं मी टॉवेल लावायचे. ती झोपली का बघायचं, दार लोटायचं, टॉवेल सरकवायचा, आणि मग सुरू. तू दात आवळून बोलायचास. मी इतकी हळू बोलायचे की कधीकधी घसा बसायचा. तीन वर्षं! दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आपण तिच्याकडे बघून हसायचो. आपण तिच्यासमोर भांडलो नाही, ते याच्यामुळे.

काल तो रेघा-ठिपक्यांचा कागद काढला. स्वयंपाकघरात उभी राहून, कुणी नाही असं बघून, तो मी वाचला. म्हणजे कसा, तर रेघ आली की मी बोलायला लागले, तेव्हा जे बोलायचे तेच. तुझ्या उशिरा येण्याबद्दल, तुझ्या गप्प बसण्याबद्दल, तुझ्या आईच्या फोनबद्दल. आणि ठिपका आला की तू. ‘बरं.’ ‘झालं?’ ‘बरं.’ मला वाटलं कुठेतरी अडेल. कुठेच अडलं नाही. सात मिनिटं आपलं भांडण त्या कागदात चपखल बसलं. लांब मी. छोटं तू.

कागद घडी घालून ठेवून दिला.

अजून एक आहे. वेगळे झाल्यावरसुद्धा आपण फोनवर तेच करत आलो. मी बाथरूममध्ये जाते, नळ सोडते. अटी लागू झाल्यापासून तीनदा. दोनदा मी केला, एकदा तू. त्यातल्या एका वेळी मी दार उघडलं तर ती बाहेर दाराला पाठ टेकून बसलेली. ‘काय करतेस गं?’ ‘काही नाही.’ उठून गेली. हे मी बाईंना सांगितलेलं नाही.

यापुढे फोन करणार नाही. तूही करू नकोस. दिवाळीच्या सुट्टीच्या तारखांचं काय ते पत्रानं ठरवू.


सोमवार, ७ ऑगस्ट

बाई म्हणाल्या, शनिवारी काय झालं ते दोघांनी वेगवेगळं लिहा. दुसऱ्यानं काय केलं ते लिहू नका, स्वतः काय केलं तेवढंच. तुझी बाजू तू लिही. ही माझी.

तू बरोबर एक वाजता आलास. भिंगरी बाकावर बसली होती, पाठीला बॅग. मी तुला जिन्यात बोलावलं. सुट्टीच्या तारखा पत्रानं ठरवायच्या असं मीच लिहिलं होतं आणि जिन्यात मीच विषय काढला. आपण हळू बोलत होतो. बोलताना दोघंही हसत होतो, कारण दाराच्या काचेतून ती दिसत होती. मला तुझे दात आठवतात, हसणारे. माझेही तसेच दिसत असणार.

तू म्हणालास, ‘सुट्टीचे तीनही आठवडे मला दे.’ आणि मी म्हणाले, ‘तिला आजसुद्धा तुझ्याकडे यायचं नाहीये. नको म्हणतेय.’

ती असं म्हणाली नव्हती. शाळेतून आल्यापासून तीनदा विचारून झालं होतं तिचं, एक वाजला का. ते वाक्य मी तिथल्या तिथं बनवलं. तू विचारलंस, ‘असं म्हणाली ती?’ मी म्हणाले, ‘तूच विचार जाऊन. पण तुझं ऐकू येईल तेव्हा ना.’

तू विचारलं नाहीस. जिना उतरून गेलास. तुझी पाठ बघून मला जिंकल्यासारखं वाटलं.

तोंड धुवायला मी खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये गेले. दहा मिनिटांनी वर आले तर बाक रिकामा. बॅगही नाही. रिसेप्शनवरची मुलगी कुलूप हातात घेऊन उभी होती. ‘भिंगरी गेली ना बाबांबरोबर?’ असं तिनं मला विचारलं. मी ते सांगितल्यासारखं ऐकलं. म्हणजे तू परत वर येऊन, मला न विचारता, तिला घेऊन गेलास. रिसेप्शनच्या मुलीनं मेन स्विच पाडला, कुलूप लावलं. मी तिच्यासमोर उभी होते.

घरी गेले. तुला फोन केला नाही. का नाही, हे बाईंना तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. मला आनंद झाला होता. तू मुलीला पळवून नेलीस असं आता वकिलाला सांगता येणार होतं. मी लॅपटॉप उघडला आणि तुझ्या चुकांची यादी करायला बसले. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून. इतकी रमले की चहा प्यायची आठवण राहिली नाही. यादी सत्तेचाळीस मुद्द्यांवर गेली तेव्हा पावणेसहा वाजले होते. तेव्हा वाटलं, आता तुला फोन करून सुनवावं.

‘तिला फोन दे,’ मी म्हणाले.

‘कोणाला?’ तू म्हणालास.

मला आजही तो शब्द ऐकू येतो. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. नुसतं ‘कोणाला?’

पुढचं तुलाही माहीत आहे. रिसेप्शनच्या मुलीच्या घरी जाऊन किल्ली आणेपर्यंत तू जिन्यात येऊन पोचला होतास. कुलूप मला उघडेना, तू उघडलंस. आत अंधार. बाक रिकामा. तू टेबलाखाली बघितलंस, डॉक्टरांच्या खोलीत, कपाटांमागे. मी हलले नाही. ती कुठे आहे ते मला कुलूप उघडायच्या आधीपासून माहीत होतं.

पहिलं दार. दुसरं दार. आतली हवा तोंडावर आली, गरम, शिळी. मेन स्विच बंद म्हणजे आतला पंखाही बंद, जवळजवळ पाच तास. फोनच्या उजेडात ती दिसली. खुर्चीत सरळ बसलेली, मांडीवर बॅग, कपाळाला केस चिकटलेले. डोक्यावर हेडफोन. हातात बटन. आणि ती बटन दाबत होती. दिव्याला वीज नव्हती, दिवा कुठून लागणार, तरी आपल्याला खट खट ऐकू येत होतं. लांब. छोटं. छोटं. लांब. तू माझा दंड धरलास. लिफ्टच्या मोटारींच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस तू, तुला तो ठेका कळला. माझ्याकडे बघितलंस तेव्हा तुझ्या तोंडावरून कळलं मला.

मी हाक मारली. तिनं बघितलंच नाही. तू हाक मारलीस. तिची नजर तुझ्यावरून फिरली, माझ्यावरून फिरली, रस्त्यातल्या अनोळखी माणसांवरून फिरते तशी, आणि परत भिंतीकडे गेली. त्या क्षणी मला वाटलं, गेली. कान नव्हे, सगळीच गेली.

मग आपण दोघं एकदम ओरडलो. ठरवून नाही. तू माझ्यावर कधी ओरडला नाहीस, मी तुझ्यावर नाही, त्या घशांना सवयच नव्हती. ‘भिंगरी!’ माझा आवाज फाटला. तुझाही. त्या स्पंजनं तो लगेच खाऊन टाकला.

तिनं हेडफोन काढले. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, ‘ओरडता कशाला? ऐकू येतंय.’

तू तिला उचललंस. मी विचारलं, इथे का येऊन बसलीस. तिनं किती साधं सांगितलं. ‘तुम्ही जिन्यात बोलत होतात ना, ते ऐकू येत नव्हतं. इथे नीट ऐकू येतं.’

‘आणि भीती नाही वाटली? अंधारात?’

‘भीती कशाला? दोघं होती ना.’

मी ती यादी पुसून टाकली आहे. ‘नको म्हणतेय’ हे खोटं होतं, एवढं तुझ्यासाठी पुन्हा एकदा लिहिते. तुला वकिलाला दाखवायचं असेल तर हे पत्र दाखव.


मंगळवार, २९ ऑगस्ट

पत्र दाखवलं नाहीस, हे तुझ्या वकिलाकडून नाही, समुपदेशक बाईंकडून कळलं.

हल्लीची हकीकत. बाईंनी दिलेल्या पत्त्यावर दुसऱ्या श्रवणतज्ज्ञाकडे नेऊन आणलं. मी बाहेर बसले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘घरात ताण आहे का?’ मी हाच प्रश्न कितीतरी आयांना विचारलाय आणि त्या ‘नाही’ म्हणाल्या की मनातल्या मनात हसलेय. मी ‘हो’ म्हणाले. तपासणी निम्मी बरी आली. त्या म्हणाल्या, वेळ द्या.

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा तिला ऐकू आलास. तू लिफ्टच्या मोटारीत अडकलेल्या कबुतराची गोष्ट सांगितलीस, ती हसली. मी तिथंच बसून होते, उठून गेले नाही. पण शुक्रवारी पुन्हा एकदा ते दवाखान्यातल्यासारखं झालं. जेवताना घास हातात तसाच, मान कलती. मी विचारलं, ‘बोलतायत का?’ ती ‘हं’ म्हणाली. मी तिला हलवलं नाही. दोघी बसून राहिलो. ती ऐकत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती खुशीत नव्हती. पण सोबत असल्यासारखी दिसत होती. रिकाम्या भिंतीकडे बघून माझ्या लेकीला सोबत मिळते, आणि समोर मी बसलेली. तू असतास तर तुलाही बघवलं नसतं.

बाईंचं म्हणणं असं. तिला कोणी काही सांगितलंच नाही. तू बॅग घेऊन गेलास तेव्हा आपण ‘बाबाचं काम लांब आहे’ म्हणालो. नंतर कधी खरं सांगितलं नाही. भांडण तिच्यापासून लपवलं, तसं ते संपलं हेही लपवलं. आता दोघांनी एकत्र बसून सांगायचं, तिच्या कानावर पडेल अशा नेहमीच्या आवाजात. परत एकत्र राहणार नाही, हे गोल गोल न फिरवता सांगायचं. आणि तिचा यात काही दोष नाही, हेही.

९ सप्टेंबरला, शनिवारी तीन वाजता, माझ्याकडे जमेल का? जुनं घर सोडून आम्ही इथे आल्यापासून तू आला नाहीस अजून. दुसरा मजला, लिफ्ट आहे. आवाज करते.


सोमवार, ११ सप्टेंबर

परवा तू होतासच, सगळं सांगत बसत नाही. तरी माझ्या बाजूनं थोडं.

तिनं ‘कधीच नाही?’ विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तू काहीतरी मऊ बोलशील, ‘बघू’ वगैरे. आतून मला ते हवंही होतं की काय कोण जाणे. तू म्हणालास, ‘नाही पिल्लू. कधीच नाही. मी तिकडे आणि आई इकडे. तू दोघांची.’ तुझा आवाज जराही खाली गेला नाही. ते माझ्याच्यानं सांगून झालं नसतं.

मग ती जी रडायला लागली! तू गेल्यापासून एकदाही रडली नव्हती ती. आपल्याला वाटायचं समजूतदार आहे. शेजारच्यांनी दार वाजवलं, खालून कोणीतरी वर आलं, तू दारात उभा राहून सगळ्यांना ‘काही नाही, आमची मुलगी रडतेय’ म्हणून सांगत होतास, जणू पाहुणे आलेत. तासभर. मला वाटलं हिचा जीव जाईल. तू म्हणालास, ‘रडू दे, टॉवेल नको लावूस.’ मी रडता रडता हसले. तुझ्या लक्षात आलं नसेल.

तू गेल्यावर ती न जेवता झोपली.

आता रविवारची सकाळ. त्यासाठीच पत्र लिहायला बसलेय.

उठली ती डोळे सुजलेले, पण भूक लागली म्हणाली. दूध पिता पिता, ‘माझी पेन्सिल सापडत नाही’ असं सांगावं तशी म्हणाली, ‘मी त्यांना सांगितलं.’

‘कोणाला?’

‘त्या दोघांना. पहाटे आली होती ती. भिंतीपाशी बोलत होती. मी सांगितलं, इथे नका येऊ आता. माझे आई-बाबा वेगळे राहतात.’

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. खिडकीतून ऊन आत आलं होतं, रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. मी विचारायला नको होतं. विचारलं.

‘मग? ती काय म्हणाली?’

‘आईसारखी होती ती रडली. म्हणजे आवाज नाही आला, पण कळतं ना. मग बाबासारखा होता त्यानं तिला पाणी दिलं. ग्लास ठेवल्याचा आवाज आला.’ दूध संपवून तिनं ओठ पुसले. ‘मग गेली.’

‘कुठे?’

‘मला काय माहीत? जिना उतरून.’

दिवसभर मी तिच्यावर डोळा ठेवून होते. मान कलती झाली नाही. संध्याकाळी गॅलरीत खेळत होती, मी आतून साध्या आवाजात हाक मारली, ती पहिल्या हाकेला ‘काऽऽय?’ करून ओरडली. इतक्या उर्मट ‘काऽऽय’साठी मी आयुष्यात कधी इतकी खुश झाले नव्हते.

पण मी त्या ग्लासवरच अडकलेय. पहिल्यांदा वाटलं, हे तिनं कुठून आणलं? इतकी वर्षं ती दाराबाहेरून आपलं ऐकत होती. लांब, छोटं, छोटं, सगळं बिनचूक. पण हे तिनं आपल्याकडून ऐकलेलं नाही. त्या खोलीत मी कितीदा रडले, मोजदाद नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडायचास. मला राग यायचा. आणि मी कधी पाणी मागितलंही नाही, कारण मागितलं असतं आणि तू दिलं असतंस, तर भांडण कोणाशी केलं असतं?

ती दोघं जाताना आपल्यापेक्षा बरी वागली रे.

पुढच्या शनिवारपासून तिला दवाखान्यातून नको, घरूनच घेऊन जा. तीन आठवड्यांच्या सुट्टीतले पहिले दोन तुझे, मला चालेल. पत्रांची अट उठवायची का असं बाई विचारत होत्या. मी हो म्हणाले. म्हणून याचं उत्तर लिहू नकोस. शनिवारी आलास की तोंडानं सांग. ती समोर असली तरी चालेल.